कोर्टाच्या दारावर

सकाळी 8.10
एसटीचं अर्धं तिकीट, अठरा रुपये. होमगार्ड ताई जिल्हा न्यायालयाच्या बंदोबस्ताला निघाल्यात. मानधन दिवसाला 1083 रुपये; 2024च्या वाढीआधी 570 होतं. तेही ड्युटी लागली तरच.

9.30
हजेरी. दारातली मेटल डिटेक्टरची चौकट सुरू झाली. ती येईल त्याला वाजते, त्यामुळं तिच्याकडं कुणी बघत नाही. खरं काम हातातल्या डिटेक्टरचं. त्याची नऊ व्होल्टची बॅटरी काल उतरली. नवी मागवायची तर अर्ज, सही, आठवडा. ताईंनी स्टँडवरून पदरच्या पैशानं आणली. मागचं झाकण केव्हाच हरवलंय, म्हणून वरून चिकटपट्टी.

10.40
तारखेची गर्दी. बायकांची झडती पडद्याआड. हात वर, पाठ, कंबर, मग पिशवी. ताई पिशवीच्या तळापर्यंत हात घालतात. पोळीभाजीचा डबा, गोळ्यांची पाकिटं, प्लॅस्टिकमध्ये जपलेला सातबारा. एका आजीच्या चंचीतून अडकित्ता निघाला.

“अगं, सुपारी कशानं कातरू?”

“जाताना घ्या आजी.” ताईंनी त्याला नावाची चिठ्ठी बांधली.

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात 13 ऑगस्ट 2004 रोजी जमावानं गुंड अक्कू यादवला भर कोर्टात मारलं, तेव्हा सुऱ्यांबरोबर मिरचीपूडही आत गेली होती. मिरचीपूड डिटेक्टरला कळत नाही. ती हातालाच लागते.

11.00
शेजारचं दार वकिलांचं. काळा कोट, पांढरा बँड, सरळ आत. पोलीस शिपायानं एका तरुणाला कार्ड विचारलं. “रोज येतो मी!” शिपाई बाजूला झाला.

दिल्लीच्या रोहिणी कोर्टात 24 सप्टेंबर 2021 रोजी दोघे जण वकिलांच्याच वेशात आत गेले आणि न्यायाधीशांसमोर गुंड जितेंद्र गोगीला गोळ्या घातल्या. पोलिसांच्या गोळीबारात ते दोघेही तिथंच मेले. कार्ड दाखवायला दोन सेकंद लागतात. आजीनं अडकित्ता काढून दिला, तर वकीलसाहेबांनी कार्ड दाखवावंच.

12.20
कैदी पार्टी आली. बंद्यांना न्यायला वेगळी वाट नाही, व्हरांड्यातूनच नेतात. तिथंच बाकावर एक मुलगी साक्षीला आलेली. आरोपीचे नातेवाईक समोरच्या बाकावर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. मुलगी आईला चिकटून बसली होती. ताईंनी ते दारातूनच पाहिलं. जाऊन दोघींना पडद्यामागं आणलं, मुलीला स्वतःच्या स्टुलावर बसवलं.

“पुकारा झाला की मी सांगते. पाणी पी.”

पुढची झडती ताईंनी उभ्यानंच घेतली. एरवीही त्या फारशा बसत नाहीत.

2.00
सुट्टी. जोडीला दुसरी बाई नाही. डबा, बाथरूम, सगळं मिळून पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात चार-पाच जणी तशाच आत गेल्या. पुरुष शिपाई बायकांची झडती घेणार कशी? परत आल्यावर ताई व्हरांड्यात एक फेरी मारून आल्या. कोण नवीन आलंय, नुसतं बघून काय कळणार?

5.50
कोर्ट उठलं. पायांना सूज आलीय. ताई हवालदारसाहेबांपुढं उभ्या राहिल्या.

“साहेब, दुपारपुरती तरी एक बाई द्या.”

“वर लिहिलंय.”

“परत लिहा ना. आज चार-पाच जणी तशाच गेल्यात.”

साहेबांनी वही ओढली. ते लिहीपर्यंत ताई तिथंच थांबल्या. साडेसहाची एसटी तोवर गेली.