नट अकालीं गेला म्हणजे अधिक मोठा होतो काय ?

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतां नववीच्या मुलांत एक वाद निघाला. एका मुलाचें म्हणणें असें कीं, जो नट किंवा गवई ऐन तारुण्यांत जातो त्याचेंच नांव लोकांच्या तोंडीं राहतें. म्हातारा होऊन मरणारा कितीहि गुणी असला तरी त्यास मागून कोणी विचारीत नाहीं. दुसऱ्यानें त्यास हरकत घेतली. वाद निवाड्यासाठीं माझ्याकडे आला, परंतु मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां पहिला मुलगा जातां जातां म्हणाला, "मग लवकर गेलेलें बरें कीं, सर !" तो हंसत म्हणाला व इतरहि हंसले, मला मात्र तें वाक्य घरीं पोंचेपर्यंत टोंचत राहिलें. आपल्या मासिकाच्या संपादकांनीं लेख मागितला तेव्हां दुसरा विषय सुचेना, तो यामुळेंच.

आरंभ आपल्याच गांवापासून करूं. शाहू मोडक यांचा जन्म अहमदनगर येथें एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत २५ एप्रिल १९१८ रोजीं झाला. वयाच्या चौदाव्या वर्षीं, १९३२ सालीं, 'श्यामसुंदर' या बोलपटांत त्यांनीं बाळकृष्णाची भूमिका केली आणि तो बोलपट मुंबईस लागोपाठ पंचवीस आठवडे चालला. पुढच्याच वर्षीं 'औट घटकेचा राजा' मध्यें त्यांनीं दुहेरी भूमिका केली. १९३९ सालीं प्रभात कंपनीच्या 'माणूस' मध्यें ते पोलीस शिपाई झाले, आणि १९४० सालीं 'संत ज्ञानेश्वर' मध्यें खुद्द ज्ञानेश्वर. आपल्या जिल्ह्यांतील नेवासें येथें, ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असें परंपरा मानते, तो खांब तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. ज्ञानदेवांनीं १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली तेव्हां त्यांचें वय एकवीस वर्षांचें होतें. ती भूमिका करणारा नगरचा हा तरुणहि तेव्हां जवळजवळ त्याच वयाचा होता. मोडकांनीं त्यानंतर कृष्णाच्या भूमिका पुष्कळ चित्रपटांतून केल्या. त्यांचें निधन १९९३ सालीं, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं झालें.

मीं वर्गांत विचारलें, "शाहू मोडक हें नांव कोणी ऐकलें आहे ?" दोन हात वर आले. त्यांतील एका मुलीनें सांगितलें, "माझी आजी म्हणते, ते कृष्ण व्हायचे." एवढेंच. वादी मुलानें माझ्याकडे विजयी मुद्रेनें पाहिलें. नगरांत जन्मलेला आणि उभ्या हिंदुस्थानानें कृष्ण म्हणून पाहिलेला हा नट पंचवीसाव्या वर्षीं गेला असता, तर त्याचें नांव या गांवांत अधिक निघालें असतें काय ? असा प्रश्न त्यावेळीं माझ्याहि मनांत येऊन गेला, हें कबूल केलें पाहिजे.

याची खरी कसोटी पहावयाची तर दोन तुल्यबळ नट हवेत; एक अकालीं गेलेला, दुसरा दीर्घायुषी. सुदैवानें मराठी रंगभूमीनें अशी जोडी आपल्यासमोर एकाच रात्रीं, एकाच रंगमंचावर उभी करून ठेवली आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक देशकार्यासाठीं एकत्र आलेले पाहून प्रेक्षकांस कोणाकडे पहावें आणि कोणास ऐकावें हें समजेना, असें त्या प्रयोगाचें वर्णन आजवर ऐकूं येतें. त्यानंतर तीन महिनेहि झाले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव वारले. त्यांचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें. 'शारदा' नाटकांतील शारदेच्या भूमिकेनें लहानपणींच नांव मिळविलेल्या या मुलानें सतराव्या वर्षीं, १९०८ च्या जानेवारींत, हुबळीस स्वतःची कंपनी काढली होती. बालगंधर्व त्या रात्रीं तेहतीस वर्षांचे होते, आणि त्यांस अद्याप शेहेचाळीस वर्षें जगावयाचें होतें.

आतां त्या शेहेचाळीस वर्षांत काय झालें तें पहा. कंपनीवर कर्ज चढत गेलें. बोलपट आला व नाटकगृहें ओस पडूं लागलीं. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट निघाला, आणि पांच-सहा वर्षांत एकामागून एक नाटक मंडळ्या बसल्या. १९३५ सालीं बालगंधर्वांनीं 'धर्मात्मा' या बोलपटांत एकनाथांची भूमिका केली. परंतु शालू नेसलेल्या बालगंधर्वांची संवय झालेल्या डोळ्यांना पुरुषवेषांतील बालगंधर्व मानवले नाहींत. पुढें शरीर थकलें. संवयीनें म्हणा, कर्जापायीं म्हणा, वय उलटल्यावरहि ते पुन्हां पुन्हां रंगभूमीवर उभे राहिले. १९६७ च्या जुलैंत, वयाच्या एकोणऐंशींव्या वर्षीं ते गेले. या सर्व हालअपेष्टा लोकांच्या डोळ्यांदेखत झाल्या. यांतील एकहि केशवरावांच्या वांट्यास आली नाहीं.

मुलाचा सिद्धांत खरा असता तर या दोघांत आज केशवरावांचें नांव मोठें आणि बालगंधर्वांचें लहान व्हावयास हवें होतें. तसें झालेलें नाहीं. पुण्याच्या रंगमंदिरास बालगंधर्वांचें नांव आहे, कोल्हापुरच्या नाट्यगृहास केशवरावांचें. आणि मराठी घरांत कोणी सहज नांव घेतलें तर तें बहुधा बालगंधर्वांचें असतें. उतारवयानें त्यांची कीर्ति का झिजली नाहीं ?

याचें उत्तर तारखांत आहे. ज्या भूमिकांमुळें बालगंधर्व बालगंधर्व झाले त्या आठवा. 'मानापमान' मधील भामिनी १९११ ची, 'स्वयंवर' मधील रुक्मिणी १९१६ ची, आणि 'एकच प्याला' मधील सिंधू १९१९ च्या फेब्रुवारींतील. (तें नाटक लिहिणारे गडकरी प्रयोगापूर्वींच, जानेवारींत, तेहतीसाव्या वर्षीं वारले होते !) त्यावेळीं बालगंधर्वांस एकतीसावें वर्ष चालू होतें. म्हणजे जें आपण विसरलों नाहीं तें सारें त्यांनीं केशवरावांच्या मृत्यूच्या वयापूर्वींच करून ठेवलें होतें. त्यानंतरचें, 'कान्होपात्रा' सारखें कांहीं सोडलें तर, रसिकांनीं स्मरणांतून अलगद काढून टाकलें. भिंतीवर त्यांचें चित्र लागतें तें नऊवारी नेसलेलें व शेला पांघरलेलें. थकलेल्या वृद्धाचें चित्र कोणी लावीत नाहीं. त्या मुलीच्या आजीनेंहि हेंच केलें. तिच्या लेखीं शाहू मोडक पंचाहत्तर वर्षांचे कधीं झालेच नाहींत. ते अजून हातांत मुरली घेऊनच उभे आहेत.

मृत्यु जें एका दिवसांत करतो तेंच लोकांची स्मृति सावकाश करीत असते, असें माझें मत आहे. ती दीर्घायुषी नटासहि त्याच्या भरांतल्या वयांत थांबविते. हें आपल्याकडेच होतें असें नाहीं. अमेरिकेंत १९२६ सालीं वॅलेंटिनो नांवाचा चित्रपट-नट वारला, तोहि एकतीसाव्या वर्षींच. न्यूयॉर्कला त्याच्या अंत्यदर्शनास लोटलेल्या गर्दीच्या हकीगती जगभर छापल्या गेल्या. चार्ली चॅप्लिन अठ्ठ्याऐंशी वर्षें जगून १९७७ सालीं गेला. आज आमच्या आठवीच्या मुलांस चॅप्लिन ठाऊक आहे, आणि तो त्यांस ठाऊक आहे तो वाटोळी टोपी व काठी घेतलेला, ढगळ पाटलोणीचा तरुण म्हणून. वॅलेंटिनोचें नांव शिक्षकांच्या खोलींतसुद्धां एकासच माहीत होतें.

मग अकालमृत्यूनें कांहींच मिळत नाहीं काय ? मिळतें. पाहिलेल्या प्रयोगांत न पाहिलेल्या प्रयोगांची भर पडते. केशवराव आणखी जगते तर काय गायले असते, याला कोणी सीमा घालूं शकत नाहीं. बालगंधर्व काय गायले याला सीमा आहे, कारण तें ऐकलेलें आहे. स्मिता पाटील या अभिनेत्रीचेंहि तसेंच. 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा' मधील त्यांचें काम मराठी माणसास विसरतां येण्यासारखें नाहीं. १३ डिसेंबर १९८६ रोजीं, पुन्हां एकतीसाव्याच वर्षीं, तान्हें मूल मागें ठेवून त्या गेल्या, आणि 'मिर्च मसाला' हा त्यांचा चित्रपट प्रेक्षकांनीं पाहिला तो त्यांच्या पश्चात्. तो पाहतांना आपण जें आहे तेवढेंच पाहत नाहीं. पुढें काय झालें असतें तेंहि पाहतों.

परंतु ही भर पडण्यासाठीं मागें कोणीतरी राखणारा लागतो, आणि वर्गांतल्या वादांत नेमकें हेंच कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. केशवरावांच्या मागें ललितकलादर्श बंद पडती तर ? ती पडली नाहीं. बापूराव पेंढारकरांनीं ती चालविली, व त्यांच्यामागें त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं. भालचंद्र पेंढारकरांचा जन्म केशवराव गेले त्याच वर्षींचा, आणि ते त्र्याण्णव वर्षें जगले. तेव्हां अल्पायुषी केशवरावांचें नांव टिकलें तें दीर्घायुषी माणसांच्या श्रमावर टिकलें, हें विसरूं नये. कोल्हापुरचें तें शाहूकालीन नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत भस्म झालें. दुसऱ्या दिवशीं, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या राखेपुढें उभे राहून रडणाऱ्यांत केशवरावांस पाहिलेलें एकहि माणूस नव्हतें.

ज्यांस असा राखणारा मिळाला नाहीं त्यांचें काय ? आपण अकालीं गेलेल्या नटांची यादी करतों ती आठवणींत उरलेल्यांची करतों. त्या काळीं प्रत्येक नाटक मंडळींत गोड गळ्याचीं लहान लहान मुलें असत. प्लेगांत आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझांत घरोघरचीं माणसें गेलीं, तशीं यांतलींहि गेलीं असतीलच. त्यांच्यापैकीं एकाचें तरी नांव आपणांस सांगतां येतें काय? तीं तरुणच गेलीं, आणि दंतकथा मात्र झालीं नाहींत. जीं विसरलीं गेलीं त्यांची मोजदाद न करतां काढलेला सिद्धांत, परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांनाच विचारून "या शाळेंत कोणी नापास होत नाहीं" म्हणण्यासारखा आहे.

भाऊराव कोल्हटकरांचें उदाहरण या बाबतींत विलक्षण आहे. 'सौभद्र' मधील सुभद्रेच्या भूमिकेनें महाराष्ट्रास वेड लावणारे हे किर्लोस्कर मंडळीचे नट १९०१ च्या फेब्रुवारींत, सदतीसाव्या वर्षीं वारले. हिंदुस्थानांत गाण्याच्या तबकड्या घेण्यास प्रारंभ झाला तो १९०२ सालीं, म्हणजे अवघ्या एका वर्षानें चुकामूक झाली. त्यांचा आवाज कोणत्याहि यंत्रांत नाहीं. तो केवळ ऐकणाऱ्यांनीं लिहून ठेवलेल्या आठवणींत आहे, आणि त्या आठवणी लिहिणारे पुष्कळ वर्षें जगले म्हणूनच आहे.

उलट आपल्याच संगमनेरचे शाहीर अनंत फंदी पहा. १७४४ ते १८१९, पंचाहत्तर वर्षांचें आयुष्य. आपल्याच जिल्ह्यांतील चोंडीच्या लेकीनें, पुण्यश्लोक अहिल्याबाईंनीं, कानउघाडणी केल्यावरून त्यांनीं तमाशा सोडून कीर्तन धरलें, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तरुणपणींच गेले असते तर ही कथा घडलीच नसती. पुष्कळदां माणसाची आख्यायिका त्याच्या मरणानें नव्हे, तर आयुष्याच्या मध्यावर घेतलेल्या एका वळणानें होते. त्या वळणापर्यंत पोंचावयास वर्षें मात्र लागतात.

एवढें सगळें टिपून मीं त्या मुलास बोलाविलें. त्यानें मन लावून ऐकलें, पण चॅप्लिनखेरीज त्यास फारसें कांहीं पटल्याचें दिसलें नाहीं. मग मीं त्यास मास्टर दीनानाथ मंगेशकरांची हकीगत सांगितली. गोव्यांतील मंगेशी गांवीं जन्मलेला हा तेजस्वी गायक-नट, बलवंत संगीत मंडळीचा चालक, २४ एप्रिल १९४२ रोजीं पुण्यास वारला तेव्हां त्याचें वय एक्केचाळीस होतें. "पहा," मुलगा म्हणाला, "त्यांचें नांव राहिलेंच ना ?" राहिलें खरें, पुण्यास रुग्णालयास आहे, मुंबईस पार्ल्यांत नाट्यगृहास आहे. मीं म्हटलें, "त्यांना पांच मुलें होतीं. थोरली मुलगी तेरा वर्षांचीहि झालेली नव्हती."

तो जरा थांबला. त्याच्या धाकट्या बहिणीचें वय तेवढेंच आहे हें मला ठाऊक होतें. "मग त्यांच्या घरचें पुढें कसें चाललें ?" त्यानें विचारलें.

"त्याच वर्षीं 'पहिली मंगळागौर' नांवाच्या चित्रपटांत ती मुलगी काम करूं लागली आणि गाऊं लागली," मीं सांगितलें. "त्यानंतर ती कित्येक दशकें गात राहिली, आणि बापाचें नांव तिनें व तिच्या भावंडांनीं जतन केलें. २०२२ सालीं ती गेली तेव्हां ब्याण्णव वर्षांची होती."

"लता मंगेशकर ?" तो म्हणाला, आणि मग तालमीची घंटा झाली म्हणून निघून गेला.