दिंडोशीच्या मागे तंबू ठोकायचा म्हणता?

परीक्षा संपली की होस्टेलवर एक प्लॅन हमखास शिजतो. "दिंडोशीच्या मागे एवढं जंगल पडलंय, टेन्ट घेऊ, मॅगी घेऊ, एक रात्र काढून येऊ!" ऐकायला एकदम झकास. पण मंडळी, ते जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. परवानगीशिवाय आत शिरणं हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा, मग मुक्कामाचं तर सोडाच. कुंपणाच्या भिंतीला भोक आहे म्हणजे गेट आहे असं होत नाही.

आता कायदा बाजूला ठेवू, कारण कायद्याने होस्टेलमधलं कोणी घाबरत नाही. बिबट्याचं बघा. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे वाटेवर कॅमेरे लावून त्यांची मोजदाद करता येते. २०१५ साली अशी मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. आणि ते फक्त ससे-हरणं खातात असं नाही, भटके कुत्रे हाही त्यांच्या जेवणाचा मोठा भाग आहे. म्हणजे हिशोब सोपा: आपण उरलेली मॅगी आणि चिकनची हाडं टाकणार, त्यावर कुत्री येणार, कुत्र्यांमागे बिबट्या येणार. तोवर आपण गिटार आवरून घरी आलेलो असू. पण आतल्या आणि आरेच्या पाड्यांवर वारली कुटुंबं राहतात, त्यांची मुलं अंधारात घराबाहेर पडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेमध्ये एक चिमुरडी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यामुळे कचरा परत आणणं हा स्वच्छतेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

मग कॅम्पिंग करायचंच नाही का? करा की! पण रीतसर. गोरेगावला फिल्मसिटीच्या बाजूला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं (स्थापना १८८३) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, आणि बोरिवलीला उद्यानाचं स्वतःचं निसर्ग माहिती केंद्र. दोन्हीकडे निसर्गफेऱ्या, शिबिरं होतात. मुक्कामाचा कार्यक्रम कधी आहे ते आधी विचारून घ्या. सोबत माहितगार माणूस असतो, आणि खरं सांगू, त्याच्याशिवाय आपल्याला सगळी झाडं सारखीच दिसतात. कारवी हे झुडूप मला तसंच कळलं. आठ वर्षांतून एकदाच फुलतं! २००८, २०१६, २०२४, आता थेट २०३२. तिच्या काठ्यांच्या भिंतींना 'कूड' म्हणतात (हा शब्द आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कोणी शिकवला नव्हता, आईला विचारला).

तंबूची थोडी इंजिनियरिंग. मुंबईत थंडी नसते हे जंगलात विसरा, डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं. म्हणून तंबू गच्च बंद केलात तर श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि सकाळी अंथरूण ओलं. सगळे म्हणतात 'टेन्ट गळतो', गळत काही नाही, झडप थोडी उघडी ठेवा, जाळी मात्र बंद. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू नको, तिथे जमीन सपाट दिसते ती पाण्यानेच केलेली असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे लक्षात असलेला माणूस पावसाळ्यात इथल्या उतारावर झोपणार नाही. शेकोटी तर नकोच. हे पानझडी जंगल आहे, हिवाळा सरता सरता खाली वाळक्या पानांचा थर साठतो, एक ठिणगी पुरते.

सामानात बॅटरी प्रत्येकाची वेगळी हवी, पाच जणांत एक चालत नाही. रात्री कोणाला बाहेर जायचं असेल तर दुसऱ्याला उठवायचं, मग तो कितीही शिव्या देवो. मोबाइलवर गाणी लावायची नाहीत. पुष्कळ कार्यक्रमांत तशी तंबीच मिळते.