पवनऊर्जा : वारा आपल्या शिवारात किती कामाचा?

हरभरा किंवा ज्वारी खळ्यावर पसरून उपणणीसाठी वाऱ्याची वाट पाहण्याचे दिवस मळणीयंत्राने संपविले. तरीपण ज्यांनी तिपाईवर उभे राहून सूप हलविले आहे, त्यांना वाऱ्याचे दोन गुण कोणी समजावून सांगायला नकोत. वारा फुकट मिळतो. आणि बोलावला म्हणून येत नाही. पवनऊर्जेचे फायदे व तोटे पाहू गेल्यास ते बहुतांशी याच दोन गोष्टींतून निघतात.

सातारा किंवा धुळे जिल्ह्यातून प्रवास करून आलेले शेतकरी डोंगरमाथ्यावरील उंच पवनचक्क्यांबद्दल कुतूहलाने विचारतात. खामगाव परिसरातील शेतकऱ्यांच्या मनात दोन प्रश्न असतात. आपल्या विहिरीवर वाऱ्याची चक्की बसविली तर भारनियमनातून सुटका होईल काय? आणि उद्या एखादी कंपनी मनोऱ्यासाठी जमीन मागायला आली तर काय करावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. म्हणून प्रथम वाऱ्याचे गणित समजून घेणे आवश्यक आहे.

वेगाचे गणित

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात एक चौरस मीटर क्षेत्रामागे सुमारे १५ वॅट शक्ती असते. ४ मीटरला ती ३७ वॅट, ६ मीटरला १२४ वॅट आणि ८ मीटरला २९४ वॅट होते. यातली सर्व शक्ती यंत्राला मिळत नाही. पात्यांना वाऱ्यातील जास्तीत जास्त ५९ टक्के शक्ती घेता येते, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास दाखवून दिले आहे. प्रत्यक्षात यंत्रे त्याहून बरीच कमी घेतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. 'आमच्याकडे वारा असतो' एवढ्याने भागत नाही. तो किती वेगाने, वर्षातील किती तास आणि कोणत्या महिन्यात वाहतो, हे पाहावे लागते. यंत्र जवळ नसले तरी वेगाचा अंदाज झाडांवरून येतो. कडुनिंबाची पाने नुसती सळसळत असतील तर वेग २ ते ३ मीटर समजावा. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर साडेतीन ते पाच मीटर. धूळ व कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या तर साडेपाच ते आठ मीटर. लहान झाडे बुंध्यासह डोलू लागली म्हणजे वेग आठ मीटरच्या पुढे गेला. बहुतेक विद्युत पवनचक्क्या सुमारे ३ मीटर वेगाला वीज देऊ लागतात, ११ ते १२ मीटरला पूर्ण क्षमतेवर येतात आणि २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वादळात स्वतःला बंद करून घेतात.

आता आपल्या भागातील ऋतुमान पाहू. घाटाखालील पट्ट्यात वारा मे महिन्यापासून जोर धरतो आणि पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टपर्यंत, टिकून राहतो. दसरा-दिवाळीनंतर तो पडतो. कार्तिक-मार्गशीर्षात कित्येक दिवस झाडाचे पान हलत नाही. नेमक्या याच काळात हरभऱ्याला फांद्या फुटताना व घाटे भरताना पाणी लागते आणि गव्हाच्या पाळ्या सुरू असतात. वारा भरपूर असतो तेव्हा आभाळातून पाणी मिळते आणि विहिरीतून पाणी काढायचे असते तेव्हा वारा नसतो. आपल्या भागापुरता हा पवनऊर्जेचा सर्वांत मोठा तोटा होय. यंत्र कितीही चांगले असले तरी तो जात नाही.

विहिरीवरील पवनचक्की

पाणी उपसणारी पवनचक्की नवी नाही. पुष्कळ पात्यांची, शेपटीमुळे वाऱ्याकडे तोंड करणारी अशी चक्की अमेरिकेत १८५४ मध्ये डॅनियल हॅलडे याने तयार केली आणि तेथील कोरड्या भागातील गुराढोरांना तिने कित्येक दशके पाणी पाजले. आपल्या देशात १९८२ मध्ये केंद्र सरकारचा अपारंपरिक ऊर्जा स्रोत विभाग स्थापन झाल्यावर अशा चक्क्या अनुदानावर देण्यात आल्या. १२ पात्यांची, ५ मीटर व्यासाची चक्की त्यांत विशेष प्रचारात होती. पुढे त्यांतील अनेक चक्क्या वंगण, वायसर व नटबोल्ट यांकडे कोणी न पाहिल्याने उभ्या जागी गंजल्या. दोष वाऱ्याचा कमी आणि देखभालीचा जास्त होता, असे म्हणावे लागेल.

अशी ५ मीटर व्यासाची चक्की किती पाणी देईल? चक्की व पंप मिळून वाऱ्यातील १० टक्के शक्ती पाणी उचलण्यास लावतात असे धरू. पाणी १५ मीटर म्हणजे ५० फुटांवरून उचलायचे असेल, तर ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात तासाला सुमारे १,७५० लिटर पाणी मिळते. ३ मीटर वेगाला हेच पाणी ७५० लिटरपर्यंत खाली येते. पाणी ३० मीटरवर गेले की दोन्ही आकडे निम्मे करावेत.

एक एकराला ५ सेंटिमीटर पाण्याची पाळी द्यावयाची तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. ४ मीटर वेगाचा वारा रोज ८ तास मिळाला तर दिवसाला १४ हजार लिटर, म्हणजे एका एकराची एक पाळी व्हायला १४ दिवस लागतील. वेग ३ मीटरच राहिला तर एक महिन्याहून जास्त. तोवर पिकाची वेळ निघून जाईल. म्हणून ओलिताचे पीक पवनचक्कीच्या भरवशावर घेऊ नये.

मग ती कशासाठी बसवावी? दहा जनावरांना दिवसाला पाचशे ते आठशे लिटर पाणी पुरते. गोठा, घर, परसबाग, रोपवाटिका यांची गरज अशी चक्की भागवू शकते. उंच टाकी बांधून त्यात पाणी साठविल्यास आणि ठिबक संच जोडल्यास शंभर झाडांना रोज प्रत्येकी शंभर लिटर देता येईल. मात्र हे वाऱ्याच्या महिन्यांत. मे महिन्यात, जेव्हा झाडे जगविणे कठीण होते, तेव्हा मात्र वारा आपल्या बाजूने असतो. पण त्यासाठी विहिरीत मे महिन्यात पाणी असले पाहिजे, हे सांगणे नलगे.

जागेबाबत एक अडचण अशी की पाणी उपसणारी चक्की विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या तोंडावरच उभी करावी लागते. विहीर खोलगट जागी, भोवती आंबा-चिंचेची गर्दी असेल तर वारा अडतो. शंभर मीटरच्या आत जे सर्वांत उंच झाड किंवा घर असेल, त्यापेक्षा पात्यांचे खालचे टोक निदान ९ ते १० मीटर वर राहील असा मनोरा हवा. एवढा उंच मनोरा परवडत नसेल तर चक्कीचा नाद सोडलेला बरा. मे-जूनमधील वावटळी व वादळी पाऊस येण्यापूर्वी शेपूट वळवून चक्की वाऱ्यातून बाहेर काढण्याची सवय घरातील प्रत्येकाला असावी.

खारपाणपट्ट्यातील बांधवांनी आणखी एक काळजी घ्यावी. पूर्णेच्या खोऱ्यातील, म्हणजे शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील व खामगावच्या काही गावांतील भूजल खारे आहे. अशा पाण्यात लोखंडी पाइप व पंपाचे नळकांडे लवकर खराब होते; ते पितळी किंवा पीव्हीसीचे घ्यावे. पाणी तपासल्याशिवाय ते काळ्या जमिनीला देऊ नये. उपसा फुकट झाला तरी त्याबरोबर सोडियमही फुकट जमिनीत येतो आणि ती चोपण होते.

या सर्वांचा विचार करता रब्बी ओलितासाठी आपल्या भागात सौर पंप सरस ठरतो. कारण ऊन दिवाळीनंतरही असते. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून हा पर्याय आवाक्यातही आला आहे. पवनचक्कीला सौर पॅनेलची जोड दिल्यास पावसाळी ढगाळ दिवसांत वारा आणि हिवाळ्यात ऊन असा मेळ बसतो. घरगुती विजेसाठी अशी जोड विचार करण्यासारखी आहे. पण विक्रेता '१ किलोवॅटची चक्की' म्हणतो तेव्हा ती १ किलोवॅट वीज सेकंदाला ११-१२ मीटर वेगाला देते, हे लक्षात ठेवावे. तीच ३ मीटर व्यासाची चक्की ४ मीटर वेगाला ७० वॅटच्या आसपास देईल. म्हणजे एक पंखा.

मोठ्या पवनचक्क्या

आपल्या देशात १९८६ मध्ये कोकण किनाऱ्यावर, गुजरातमधील ओखा येथे व तामिळनाडूत ५५ किलोवॅटच्या यंत्रांची प्रात्यक्षिके झाली. नंतर सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी व ठोसेघरची पठारे, सांगलीतील ढालगाव, धुळ्यातील ब्राह्मणवेल, अहिल्यानगरमधील सुप्याजवळचा डोंगर येथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. अलीकडे बीड व धाराशिव जिल्ह्यांतही त्या दिसतात. २०२५ मध्ये देशाची पवनविद्युत क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. महाराष्ट्राचा वाटा सुमारे ५ हजार मेगावॅटचा आहे.

फायदे उघड आहेत. कोळसा नाही, राख नाही, धूर नाही, पाणी लागत नाही. मनोऱ्याखाली थोडीच जमीन कायमची जाते आणि भोवती पीक घेता येते. उंचीचाही लाभ मिळतो. जमिनीपासून १० मीटरवर वारा ४ मीटर वेगाचा असेल तर मोकळ्या जागी १०० मीटरवर तो साडेपाच मीटरच्या आसपास असतो, म्हणजे शक्ती अडीचपटीहून जास्त. २ मेगावॅटचे एक यंत्र वर्षभर सरासरी २५ टक्के क्षमतेने चालले तर सुमारे ४४ लाख युनिट वीज देते. पाच अश्वशक्तीचा पंप वर्षात हजार तास चालला तर साडेचार हजार युनिट घेतो. हिशेबाने एका यंत्रात सुमारे हजार पंपांची वीज झाली. पण हा हिशेब वर्षाचा आहे. पावसाळ्यातील वीज साठवून डिसेंबरात वापरता येत नाही. त्या वेळी ग्रीडला औष्णिक, जल व सौर विजेचाच आधार लागतो.

तोटेही आहेत. पन्नास-साठ मीटर लांबीची पाती व अवजड क्रेन नेण्यासाठी रुंद रस्ते करावे लागतात. डोंगरउतारावर असे रस्ते कापले की माती खाली येते. भीमाशंकर परिसरातील अशा प्रकल्पाची दखल पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात घेतलेली आहे. पक्षी व वटवाघळे पात्यांना व तारांना धडकतात. घर जवळ असल्यास आवाजाचा व फिरत्या सावलीचा त्रास होतो. आपल्याकडे खामगाव व बुलडाणा यांच्यामधील बोथा घाटाच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. उंच, मोकळा माथा म्हणून तेथे बोट दाखविणे सोपे आहे; पण बिबटे व अस्वलांचे ते रान या कामासाठी नव्हे, असे आमचे मत आहे.

पवनचक्क्या पाऊस पळवितात काय?

सातारा, सांगली व धुळे भागात २००३ च्या दुष्काळाच्या सुमारास ही शंका जोरात होती आणि अजूनही ती विचारली जाते. पावसाचे ढग साधारणपणे जमिनीपासून एक किलोमीटरच्या आसपास सुरू होतात आणि कित्येक किलोमीटर उंच जातात. पात्याचे सर्वांत वरचे टोक दीडशे-दोनशे मीटरवर असते. पाती वाऱ्यातून शक्ती काढून घेतात, त्याला जोर देत नाहीत. ती पंख्यासारखी ढग ढकलू शकत नाहीत. यंत्रांच्या मागे थोड्या अंतरापर्यंत हवा ढवळली जाते व रात्रीच्या तापमानात किंचित फरक पडतो, एवढे खरे. मुळात हे मनोरे ज्या ठिकाणी उभारले गेले त्यांपैकी बरीच ठिकाणे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत, आधीपासूनच कमी पावसाची आहेत.

जमिनीचा करार

कंपनीचा माणूस किंवा मध्यस्थ आला तर प्रथम विचारावे की येथे वारा मोजला आहे काय, किती उंचीवर व किती महिने. वर्षभराच्या मोजणीशिवाय कोणी गंभीरपणे प्रकल्प उभारीत नाही. मोजणीपूर्वीच जमीन मागणाऱ्याचा हेतू दुसरा असू शकतो. वाऱ्याबाबत महाऊर्जा कार्यालयात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील अपारंपरिक ऊर्जा विभागात विचारणा करता येते.

शक्यतो जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी. पट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत असावा आणि कोऱ्या कागदावर वा मुखत्यारपत्रावर सही करू नये. सातबारावर सामाईक नावे असतील तर भाऊ-बहिणींची संमती आधी घ्यावी. बीड-धाराशिवकडे जमीन, रस्ता व मोबदल्यावरून तंटे झाले आहेत. भाडे ठरावीक वर्षांनी वाढेल असे कलम हवे. मनोऱ्याची जागा, रस्त्याची जागा आणि तारांखालची जागा यांचा मोबदला वेगवेगळा लिहून घ्यावा, कारण रस्ता व तारा बहुधा मनोऱ्यापेक्षा जास्त जमीन अडवितात. उभ्या पिकाचे नुकसान, फुटलेली पाइपलाइन व बांध यांची भरपाई कोणी व किती दिवसांत द्यायची तेही लिहावे. यंत्राचे आयुष्य २० ते २५ वर्षांचे असते. त्यानंतर मनोरा कोण उतरविणार, त्यासाठी रक्कम कोठे ठेव ठेवणार, आणि पायाचे काँक्रीट किती खोलीपर्यंत काढून वर काळी माती भरून देणार, हे करारातच नमूद करून घ्यावे. नाहीतर नांगराचा फाळ त्या जागी पुढच्या पिढीलाही अडेल.