सायलेन्सरचा आवाज आणि इंजिनाची ताकद

बालरोगतज्ज्ञाने मोटारसायकलच्या सायलेन्सरवर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु नंदगडच्या रस्त्यावरून ‘फटाका’ सायलेन्सर लावलेली बुलेट गेली की माझ्या दवाखान्यातील तान्ही बाळे दचकून रडू लागतात. आवाज वाढला की गाडीचा ‘पिकअप’ही वाढतो, अशी तरुणांची समजूत आहे. ती कितपत खरी, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

इंजिनालाही उच्छ्वास असतो. जळालेला वायू नीट बाहेर पडल्याविना ताजे मिश्रण पुरेसे आत येत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावते व उघड्या टोकाशी पोहोचून कमी दाबाची लाट होऊन परतते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती परतली, तर उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणास वाट करून देते. हा मेळ नळीच्या लांबी-रुंदीवर अवलंबून असून तो इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच साधतो.

नळी प्रमाणाबाहेर रुंद केल्यास कमी फेऱ्यांवर वायूचा वेग मंदावतो आणि ओढ घटते. अनमोड घाट चढताना गरज नेमकी याच ओढीची असते. शर्यतीच्या गाड्यांना लाभ होतो हे खरे. परंतु तेथे संपूर्ण नळी, हवेचा मार्ग व इंधनाचे प्रमाण एकत्र जुळवलेले असते, आणि लाभही मुख्यतः वरच्या फेऱ्यांत मिळतो. फट्‌फट् उडणारे फटाके तर शक्तीचे लक्षणच नव्हे. सिलिंडरात न जळलेले पेट्रोल नळीत पेटते, म्हणजेच ते वाया जाते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. या गाड्यांच्या धुराच्या मार्गात विषारी वायू निवळविणारा उत्प्रेरक असतो. तो काढून टाकल्यास कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक प्रमाणात बाहेर पडतात, आणि लहान मुलांचे नाक या धुराच्या अधिक जवळ असते.

आवाजाचे गणितही फसवे आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. तान्ह्या बाळाची कर्णनलिका आखूड असल्याने तीव्र स्वर तिच्यात अधिक घुमतात. १७५ सीसीवरील दुचाकीसाठी निर्मितीच्या वेळी ८० डेसिबलची मर्यादा घातली गेली, ती विनाकारण नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार ध्वनिमर्यादा मोडणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडीची ओढ कमी वाटत असेल, तर एअर फिल्टर साफ करावा, व्हॉल्व्हची फट, साखळीचा ताण व टायरमधील हवा तपासून घ्यावी. मिस्त्रीकडे एवढे केले, तरी मूळ सायलेन्सरवरच गाडी पुन्हा मोकळा श्वास घेऊ लागते, आणि शेजारच्या पाळण्यातील झोपही मोडत नाही.