अकरावीचा फॉर्म आणि शेवटची एसटी

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांचा पुडा संपायच्या आत घरात प्रश्न येतो, 'आता पुढं काय?' पूर्वी खेड्यात याचं उत्तर तसं सोपं होतं. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पिशवीत घालायचा, वडिलांबरोबर नाहीतर मामाबरोबर जवळचं कॉलेज गाठायचं, खिडकीवर छापील अर्ज घ्यायचा, तिथंच बाकावर बसून भरायचा आणि फीची पावती घेऊन संध्याकाळच्या गाडीनं घरी परतायचं. अडलंच तर समोर माणूस असायचा. 'साहेब, जरा बघा की' म्हणायची सोय होती.

२०२५ साली ही खिडकी बंद झाली. अकरावीचा प्रवेश त्या वर्षापासून सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. शहरांना ही पद्धत नवी नव्हती. मुंबई परिसरात ती २००९ पासून होती. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तिची सवय झाली होती, २०१७ मध्ये नाशिक, नागपूर आणि अमरावती ही शहरं त्यात आली. पण महापालिकेची हद्द संपली की पद्धत संपायची. बावधनची मुलगी कॉम्प्युटरवर फॉर्म भरायची आणि पौडच्या पुढची मुलगी खिडकीवर. आता दोघींचा फॉर्म एकच.

मुळशी तालुक्यातलं माले घ्या. पौड मागं टाकून ताम्हिणी घाटाच्या वाटेला लागलं की धरणाच्या अलीकडं हे गाव लागतं. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे मुळशीचं धरण. या धरणाच्या पाण्यावर पलीकडं कोकणात भिऱ्याला वीज तयार होते. पण ऐन पावसात काठावरच्या एखाद्या वाडीतली वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, तर फॉर्म भरणाऱ्या पोरीनं काय करायचं? शहरात 'घरबसल्या अर्ज करा' हे वाक्य जितकं सोपं वाटतं, तितकं ते इथं सोपं नाही. इथं घरबसल्या म्हणजे पुष्कळदा पौडला किंवा पिरंगुटला जाऊन, दुकानात नंबर लावून.

पहिल्या वर्षी अडखळणं शहरालाही चुकलं नाही. दहावीचा निकाल १३ मे २०२५ ला लागला. २१ मेला नोंदणी सुरू झाली आणि त्याच दिवशी संकेतस्थळ बसलं. शेवटी २६ मेपासून नोंदणी नव्यानं सुरू करावी लागली. जूनअखेर पहिली यादी आली तेव्हा सुमारे ६ लाख ३२ हजार मुलामुलींना कॉलेज मिळालं होतं आणि त्यातल्या सुमारे ४ लाख ५७ हजार जणांना पहिल्या पसंतीचं. राज्यात अकरावीच्या जागा २१ लाखांच्या घरात, म्हणजे प्रवेश घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा 'जागा मिळेल का?' ही काळजी फार करू नका. 'जागा कुठं मिळेल?' ही काळजी करा. आपल्या मुलींच्या बाबतीत सगळं अडतं ते या 'कुठं'पाशीच.

मैत्रिणींनो, एक विचारू? तुमच्या घरात हा फॉर्म कोण भरतं? बहुतेक घरांत मुलगी, तिचा भाऊ किंवा दुकानातला मुलगा. आई चहा करते आणि म्हणते, 'मला काय कळतंय त्या कॉम्प्युटरमधलं, तुमचं तुम्ही भरा.' मला वाटतं, इथंच आपण आपला हक्क सोडून देतो. कारण या फॉर्मचा जो भाग महत्त्वाचा आहे, त्यात कॉम्प्युटर फारसा नाहीच. त्यात घर आहे, रस्ता आहे, पैसा आहे, मुलीचा जीव कशात आहे ते आहे. आणि हे सगळं आईइतकं कुणाला ठाऊक असतं?

फॉर्मचे दोन भाग असतात. पहिला भाग माहितीचा. नाव, शाळा, दहावीचे गुण, जातीचा प्रवर्ग, दाखले. २०२५ ला यासाठी १०० रुपये शुल्क होतं. इथं धावपळ होते ती दाखल्यांची. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळं तहसील कचेरीतून यायचं, आणि मुळशीची तहसील कचेरी पौडला. निकाल लागल्यावर सगळा तालुका एकदम तिथं धावतो. म्हणून हे काम परीक्षा संपली की एप्रिलमध्येच उरकलेलं बरं. दिव्यांग, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, खेळाडू असे वेगळे खाने असतात. आपल्या घराला त्यातलं काही लागू पडतं का आणि त्याचा दाखला हातात आहे का, हे शाळेतल्या सरांना विचारून घ्यावं. दहावी जिथं झाली त्याच संस्थेचं कॉलेज असेल तर संस्थेतल्या मुलांसाठी १० टक्के जागा राखीव असतात, तेही विचारावं. दुकानातला मुलगा हे आपणहून सांगेलच असं नाही. त्याच्यामागं रांग असते.

मग येतो मोबाइल नंबर. दिसायला ही एवढीशी गोष्ट, पण पुढचे सगळे निरोप, सगळे ओटीपी त्याच नंबरावर येतात. वडील पिरंगुटच्या कंपनीत पाळीवर, फोन त्यांच्या खिशात, आणि मुलगी इकडं पडद्यासमोर ओटीपीची वाट बघत बसलेली, असं किती घरांत होत असेल! काही जण तर 'दादा, तुमचाच टाका' म्हणून दुकानदाराचा नंबर देऊन मोकळे होतात. तसं करू नका. जो फोन दिवसा घरात असतो, ज्याचा रिचार्ज वेळेवर होतो, तोच नंबर द्या. तो आईचा असेल तर उत्तमच. लॉगिन आणि पासवर्ड चिठ्ठीवर नको, दूधवाल्याचा हिशेब ठेवता त्या वहीत लिहा. चिठ्ठी धुण्यात जाते, वही जात नाही.

आता दुसरा भाग, पसंतीक्रमाचा. किमान एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं क्रमानं लिहायची. खरा निर्णय इथं होतो. यंत्रणा काय करते ते साध्या भाषेत सांगते. ती मुलांना गुणांनुसार रांगेत उभं करते. आपल्या मुलीचा नंबर आला की तिची यादी वरून खाली वाचते. पहिल्या कॉलेजात जागा असेल तर ते देते, नसेल तर दुसरं बघते, मग तिसरं. म्हणजे वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जातं, हा समज चुकीचा आहे. वर न मिळालं तर तिचे गुण तेवढेच राहतात आणि त्याच गुणांवर पुढचं कॉलेज बघितलं जातं. असा समज केवळ आपल्याकडंच असतो असंही नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सरकारी शाळांच्या प्रवेशाची एक पद्धत होती, तिच्यात पहिली पसंती चुकली की खरोखरच खालची शाळा हातची जायची. ज्यांना ही खुबी माहीत होती ते पालक हुशारीनं क्रम लावायचे, बाकीच्यांची मुलं मागं राहायची. अर्थतज्ज्ञांनी ते दाखवून दिल्यावर बॉस्टननं २००५ मध्ये पद्धत बदलली. आपल्याकडं तशी चलाखी लागत नाही. जे खरंच हवं, ते त्याच क्रमानं लिहायचं.

पण एक अट मात्र पक्की ध्यानात ठेवा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. २०२५ च्या नियमानुसार तो नाकारला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मुलगी बाहेर. मग सगळ्यांसाठी खुली असलेली शेवटची फेरी येईपर्यंत थांबायचं. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचं मिळालं तर मात्र पुढच्या फेरीची वाट बघता येते.

ही अट गावात काय करू शकते बघा. समजा, मुलीला ८५ टक्के पडले. भावानं मोठ्या हौसेनं पहिल्या नंबरावर पुण्यातलं नाव असलेलं कॉलेज लिहिलं. यादी लागली, तेच मिळालं. घरात आनंद. आणि रात्री जेवताना हिशेब सुरू होतो. सकाळी सातचं कॉलेज, मग घरून निघायचं किती वाजता? प्रॅक्टिकल संपून गाडी गाठायची म्हटली तर शेवटची एसटी सापडेल का? सापडली तरी फाट्यापासून वाडीपर्यंत पावसाळ्यात, अंधारात कोण आणायला जाणार? होस्टेलला ठेवायचं तर पैसा? ज्या घरात हा हिशेब फॉर्म भरल्यावर होतो, तिथं उत्तर ठरलेलं असतं, 'राहू दे यंदा. पुढच्या वर्षी बघू.'

हे 'यंदा' फार फसवं असतं. दहावी झालेली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची. ती घरी बसली की महिन्याभरात कुणीतरी स्थळ सुचवतं. दोन वर्षं कॉलेजात गेली तर बारावी होते आणि कायद्यानं लग्नाचं जे अठरा वय आहे, तिथवर तिच्या हातात पुस्तक राहतं. २०२५ च्या दहावीच्या निकालात मुली ९६.१४ टक्के उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. अभ्यासात त्या कुठं कमी पडत नाहीत. अशा मुलीचं पाऊल एका चुकीच्या क्रमापायी उंबऱ्याच्या आत अडकावं, यापेक्षा वाईट काय?

यंत्राला गुण दिसतात, क्रम दिसतो. त्याला शेवटची एसटी दिसत नाही. ती आपल्यालाच क्रमात बसवावी लागते.

म्हणून फॉर्म भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एक संध्याकाळ काढावी. शाखा कोणती, हे आधी मुलीला बोलू द्यावं. मग कागदावर कॉलेजं लिहून प्रत्येकासमोर चार गोष्टी मांडाव्यात: गाडी किती वाजता जाते, किती वाजता परत येते, महिन्याचा खर्च किती आणि वाटेत सोबतीला कोण. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, तो खर्चातून वजा करा. मात्र एसटीचा पास पीएमपीच्या बसला चालत नाही, हे धरून हिशेब करा. गावातल्या दोघी-तिघी मैत्रिणींनी एकच कॉलेज वर लिहिलं तर सोबतीचा प्रश्न आपोआप सुटतो. दूरचं कॉलेज खरंच परवडणार असेल, राहायची सोय झाली असेल, तर जरूर पहिल्या नंबरावर लिहा. मुलीला अडवण्यासाठी हा हिशेब करायचा नाही. तिची वाट कुठं मोडेल ते आधी ओळखून बुजवण्यासाठी करायचा.

यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला, असंही नाही. दिलेल्या मुदतीत लॉगिन करून होकार द्यावा लागतो, मूळ कागद घेऊन कॉलेजात जावं लागतं आणि फी भरून प्रवेश पक्का करावा लागतो. ही मुदत भातलावणीच्या दिवसांत येते. कुणी कितीही 'रोपं वाया चाललीत' म्हटलं तरी तो एक दिवस मुलीसाठी राखून ठेवा. तारखा, शुल्क, फेऱ्या दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा शेजारच्या ताईच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर न विसंबता शाळेत जाऊन चालू वर्षाचं वेळापत्रक लिहून आणा.

ऑनलाइन पद्धतीला खेड्यात विरोधही झाला. जिथं जागा जास्त आणि मुलं कमी, तिथं हा खटाटोप कशाला, ग्रामीण भाग यातून वगळा, अशी मागणी संस्थांकडून आणि शिक्षकांकडून झाली. त्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? पण दुसरी बाजूही आहे. खिडकीच्या काळात ओळख लागायची, वशिला लागायचा, कुठं कुठं पावतीशिवायचे पैसेही लागायचे. कुणाच्या कितीला प्रवेश झाला ते कळायचं नाही. आता गेल्या फेरीत कुठलं कॉलेज किती गुणांना बंद झालं, ते माल्याची मुलगीही बघू शकते. ज्यांचा मामा कॉलेजात नाही, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. फक्त तिचा उपयोग करून घ्यायला मुलीच्या शेजारी बसणारं कुणीतरी हवं.

तेव्हा या वेळी दुकानात मुलीबरोबर आईनं जावं. टाइप करायला येत नसेल तर नसू दे. फॉर्म पाठवण्याआधी पडद्यावरचा क्रम एकदा मोठ्यानं वाचायला सांगा. घरी ठरवलेल्या कागदाशी तो जुळतो का ते बोट ठेवून बघा. जुळला की 'आता पाठव' म्हणा आणि छापील प्रत मागून घ्या. तेवढे दोन-पाच रुपये खर्च करायला अजिबात मागंपुढं पाहू नका.