एका चित्राला ५ कोटी पौंड, पण बाकीचे चेहरे फिके का पडले? जाणून घ्या जोशुआ रेनॉल्ड्सची गोष्ट

२०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आणि अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने मिळून एकच चित्र विकत घेतलं. किंमत ५ कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ५०० कोटी रुपये. चित्रात पांढऱ्या झग्यातला, डोक्याला फेटा गुंडाळलेला, अनवाणी उभा असलेला एक तरुण आहे. चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स.

गंमत अशी की याच रेनॉल्ड्सची चित्रं टिकत नाहीत, अशी ओरड त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. पैसे मोजून काढून घेतलेल्या पोर्ट्रेटमधले गुलाबी गाल काही वर्षांतच पांढरेफटक पडायचे. होरेस वॉलपोल या लेखकाने तर तिरकसपणे सुचवलं होतं, की याला एकरकमी पैसे देऊच नका. चित्र टिकेल तोवर दरवर्षी हप्ता द्या!

कोण होता हा रेनॉल्ड्स?

जन्म १७२३, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं प्लिम्टन. वडील शाळामास्तर. सतराव्या वर्षी तो लंडनला थॉमस हडसन या पोर्ट्रेट चित्रकाराकडे शिकायला गेला. १७४९ मध्ये केपेल या नौदल अधिकाऱ्याच्या जहाजावरून भूमध्य समुद्राकडे निघाला आणि इटलीत पोहोचला. रोममध्ये जबर सर्दी झाली आणि ऐकू येणं कमी झालं ते कायमचंच. पुढे लंडनच्या मैफलींमध्ये तो कानाला कर्णा लावून बसायचा. कानामागे हात धरलेलं स्वतःचं पोर्ट्रेटही त्याने काढलंय.

लंडनला परतल्यावर धंदा असा काही चालला की १७५८ या एका वर्षात सुमारे १५० जण त्याच्यासमोर बसून गेले. चेहरा तो स्वतः रंगवायचा, कपडे आणि पार्श्वभूमीचं बरंचसं काम मदतनीसांकडे. १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हा तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. पुढच्या वर्षी ‘सर’ ही पदवी मिळाली.

मग रंग का उडाले?

इथे मुद्दा थेट केमिस्ट्रीचा आहे. त्वचेचा गुलाबी रंग आणण्यासाठी रेनॉल्ड्स कार्माइन वापरायचा. हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून बनतो. दिसायला अप्रतिम, पण सेंद्रिय. प्रकाश पडत राहिला की त्याचे रेणू तुटतात आणि रंग विरतो. उन्हात वाळत घातलेला लाल कुर्ता विटतो तसाच. खालचा शिशाचा पांढरा रंग मात्र जागेवर राहतो. म्हणून चेहरे भुतासारखे दिसू लागले. त्याऐवजी टिकाऊ शेंदरी रंग वापरा, असं त्याचा शिष्य जेम्स नॉर्थकोटने सुचवलं. नॉर्थकोटने लिहून ठेवल्याप्रमाणे, त्यावर रेनॉल्ड्सने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, मला तर कातडीत कुठे शेंदूर दिसत नाही.

दुसरी भानगड तड्यांची. तैलचित्रात खालचा थर आधी वाळायला हवा. रेनॉल्ड्स मात्र रंगात डांबरासारखं बिटुमेन, मेण, राळेचं वार्निश असं काय काय मिसळायचा. बिटुमेन वर्षानुवर्षं नीट वाळत नाही. वरचा थर कडक, खालचा मऊ, मग पृष्ठभाग फाटणारच. हे सगळं कशासाठी? टिशियनसारख्या जुन्या व्हेनिशियन चित्रकारांच्या रंगांना जी खोली आहे, तिचं ‘सिक्रेट’ त्याला हवं होतं. ते शोधायला त्याने काही जुनी चित्रं चक्क खरवडून पाहिली, असं सांगतात. आमच्या भाषेत सांगायचं तर तो टेस्टिंग करत होता, पण थेट ग्राहकाच्या ऑर्डरवर.

सगळ्यात मोठं नुकसान पुढे झालं. जुन्या चित्रावरचं पिवळं पडलेलं वार्निश द्रावकाने पुसून काढतात. रेनॉल्ड्सच्या रंगातच राळ असल्याने वार्निशबरोबर वरचा नाजूक रंगही निघून यायचा. म्हणजे काही चेहरे प्रकाशाने नेले आणि काही साफसफाईने. लंडनच्या वॉलेस कलेक्शनने एक्स-रे आणि इन्फ्रारेडच्या मदतीने त्याच्या चित्रांचे थर तपासले आणि २०१५ मध्ये त्यावर प्रदर्शनच भरवलं. एकाच चित्रात किती वेळा विचार बदलला, कुठे काय झाकलं, हे त्यात उघड झालं.

एवढं माहीत असूनही लोक त्याच्याकडे का जायचे? जॉर्ज बोमाँट या कलासंग्राहकाने एका मित्राला दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: रेनॉल्ड्सचं फिकं पडलेलं चित्रही इतरांच्या ताज्या चित्रापेक्षा भारी. मला विचाराल तर हे पटतं. वॉलेसमधली त्याची नेली ओब्रायन बघा. टोपीच्या सावलीतला तो चेहरा अजूनही थेट आपल्याकडे बघतो.

आणि तो ५ कोटींचा तरुण?

त्याचं नाव माई. पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवरचा. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीतल्या जहाजातून तो १७७४ मध्ये लंडनला आला, राजालाही भेटला. इंग्रजांनी त्याला ‘ओमाई’ केलं; त्याच्या भाषेत ‘ओ’ म्हणजे ‘हा आहे’, तो नावाचा भागच नव्हता. फेटा आणि झगा ही बरीचशी रेनॉल्ड्सची कल्पना. पण हातांवरचं गोंदण खरं. हे चित्र १७७६ मध्ये अकॅडमीत झळकलं आणि १७९२ मध्ये रेनॉल्ड्सचा मृत्यू होईपर्यंत त्याच्याच स्टुडिओत राहिलं. माई त्याआधीच मायदेशी परतून काही वर्षांत वारला होता.

२००१ मध्ये हेच चित्र १ कोटी ३ लाख पौंडांना खासगी मालकाकडे गेलं होतं. ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून ब्रिटन सरकारने निर्यात रोखली, आणि पैसे एकट्याने जमेनात तेव्हा निम्मी-निम्मी भागीदारी ठरली. आता माई आळीपाळीने लंडन आणि लॉस एंजेलिसमध्ये राहणार आहे.