रंगमंचावरची ओळख

आज आपण एका साध्या शब्दापासून सुरुवात करू : ओळख. मराठीत ‘मी कोण’ हीही ओळख, आणि कुणीतरी मला ओळखलं, हीही ओळखच. आपल्या दर्शनांत प्रत्यभिज्ञेचं ठरलेलं उदाहरण आहे, ‘तोच हा देवदत्त’. पूर्वी पाहिलेला माणूस पुन्हा समोर येतो आणि पटतं, हा तोच. नाटक पाहतानाही असंच काहीसं होतं. म्हणून नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाला नाटक हवं असतं, आणि त्याची थोडी धास्तीही वाटते.

पारतंत्र्यात हे काम त्या मानानं सोपं होतं. १९०७ साली खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आलं. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांनी कीचकात कर्झन ओळखला. सरकारनंही ओळखला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ‘ते’ कोण हे ठरलेलं होतं. त्यामुळे ‘आपण’ कोण हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

१९४७ नंतर ‘ते’ गेले. मग ‘आपण’ म्हणजे कोण? दिल्लीत १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं, १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय आलं. इकडे १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. तिनं जिल्ह्याजिल्ह्यातल्या हौशी कलावंतांना मंच दिला, हे मान्य केलंच पाहिजे. पण इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदाही राहिलाच की! तो रद्द व्हायला २०१८ उजाडलं.

आयर्लंडचं पाहा. १९२२ मध्ये तिथे स्वतंत्र राज्य आलं, १९२५ मध्ये सरकारनं डब्लिनच्या ॲबी थिएटरला अनुदान दिलं. पुढच्याच वर्षी शॉन ओकेसी यांनी तिथल्या १९१६ च्या उठावाकडे चाळीतल्या गरिबांच्या नजरेनं पाहणारं नाटक आणलं, आणि प्रेक्षागृहात गोंधळ झाला. विरोध करणाऱ्यांत उठावात गेलेल्यांच्या घरच्या स्त्रिया होत्या. त्यांचं दुःख खरं होतं. चाळीतली भूकही खरी होती.

आता आपल्या खानदेशात या. धुळ्याकडे अहिराणी, जळगावकडे तावडी आणि लेवा बोली, सातपुड्यात पावरी. आम्ही शाळेत होतो तेव्हा गॅदरिंगच्या नाटकात देशभक्त नायक पुस्तकी मराठी बोलायचा. अहिराणी असायची ती गड्याच्या तोंडी, हशा मिळवायला. आम्हीही पोट धरून हसलो. घरी आलो तर आजी ओट्यावरून विचारते, ‘कथा गया व्हता रे भाऊ?’ आमचं हसू तिथेच थांबलं. आपण कुणाला हसलो, हे तेव्हा कळलं.

खरं तर १९५२ मध्येच बहिणाबाईंची गाणी छापून आली होती आणि महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली होती. कवितेत या मातीच्या बोलीला जो मान मिळाला, तो आमच्या त्या मंचापर्यंत काही पोचला नव्हता.

कुणी म्हणेल, सगळ्यांना समजेल अशी एक भाषा नको का? हवीच. हे व्याख्यानही तिच्यातच चाललंय. प्रश्न वाटणीचा आहे. शौर्य एका बोलीला आणि चेष्टा दुसरीला, अशी वाटणी झाली, तर दुसरी बोलणाऱ्यानं या राष्ट्रात स्वतःला कुठे ओळखायचं?

तेव्हा पुढच्या वेळी नाटकाला जाल, तेव्हा एवढं पाहा : कोणती पात्रं कोणत्या बोलीत बोलताहेत, आणि आपण कुणाला हसतोय. आमची आजी त्या प्रेक्षकांत असती, तर ‘तोच हा’ असं तिला कुणाकडे बघून म्हणता आलं असतं? आम्हाला तरी उत्तर सापडलेलं नाही.